पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस घेतात, दुसऱ्याला दार लावतात. असं का?

गटप्रवर्तक_बीड: दीड महिन्याचा पेंटा बहुतेक बाळांना मिळतो. अडीच महिन्यांच्या ड्यू लिस्टवर (लस द्यायची वेळ झालेल्या बाळांच्या यादीवर) मात्र काही घरं 'आता नको' म्हणतात. रजिस्टरात सरसकट 'नकार' पडतो आणि मग गावात पत्रकं वाटली जातात. फरक काहीच पडत नाही. कुठून सुरुवात करावी?

उपकेंद्र_सिस्टर: पहिला डोस घेणारं घर लसीच्या विरोधात नसतं. त्या रात्री बाळ तापलं, मांडी सुजली, आणि हे होणार हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. लसीच्या वेळी पालकांना सांगायच्या चार संदेशांतला तिसरा, म्हणजे त्रास काय होईल आणि काय करायचं, हाच गर्दीत गाळला जातो. सुई टोचायच्या आधीच सांगा: ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. मांडीतली गाठ काही आठवडे राहू शकते. ती चोळायची नाही, शेकायची नाही, वर बिब्बा-हळदही नको; गार पाण्याची घडी ठेवा, अंगावर पाजत राहा.

पॅरासिटामॉल वजनावर द्या: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. ४ किलोच्या बाळाला एका वेळी ४० ते ६० मिग्रॅ. खरा घोळ पुढे होतो. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली की डोस कित्येक पट होतो. म्हणून बाटली बघून, किती मिली ते कार्डावरच लिहून द्या. ताप यायच्या आधी देऊ नये. तीन तासांहून जास्त सलग रडणं, झटके, मलूल पडणं किंवा दूध सोडणं दिसलं तर लगेच दवाखाना.

गटप्रवर्तक_बीड: आईला हे सांगतो. पण 'नको' म्हणते सासू.

उपकेंद्र_सिस्टर: मग सासूलाच सांगा. सत्रानंतरच्या अर्ध्या तासाच्या थांब्यात ती शेजारीच बसलेली असते. आशाताईंची दुसऱ्या दिवशीची फेरी तर चुकवूच नका. ताप असताना कुणी फिरकलं नाही, ही नाराजी लसीच्या भीतीपेक्षा जास्त टिकते.

लससाठा: आपल्या बाजूच्या चुकाही मोजा. गोवर-रुबेलाची कुपी एका बाळासाठीही उघडायची असते. द्रावण मिसळल्यावर ४ तासांनी उरलेली टाकावी लागते, म्हणून 'पाच मुलं जमू द्या' सांगून आईला परत पाठवतात. रोजंदारी बुडवून आलेली बाई पुन्हा येत नाही आणि रजिस्टरात 'नकार' तिच्या नावावर पडतो! ऊसतोडीला गेलेल्यांचं तेच. कार्ड गावी राहिलं, सहा महिने गेले, आता पहिल्यापासून सगळं घ्यावं लागेल या समजुतीने येत नाहीत. डोस पुन्हा सुरू करावे लागत नाहीत, राहिले तिथून पुढे द्यायचे, पेंटात किमान चार आठवडे अंतर ठेवून.

आणखी एक: गोवर-रुबेलानंतरचा ताप किंवा बारीक पुरळ साधारण ७ ते १२ दिवसांनी येतं. पेंटाच्या तापाचं वेळापत्रक तिथे सांगितलं तर दहाव्या दिवशी घर हबकतं.

शाळा_आरोग्य: मोठ्या मुलांत अफवेला खतपाणी रांगच घालते. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेसारखं शाळेत टोचायचं असेल तर टोचायची खोली वेगळी, थांबायची वेगळी, मुलं उपाशी नकोत. भीतीने एकाला भोवळ आली की बघणाऱ्या चौघांना येते आणि फोटो मुख्याध्यापकांच्या आधी पालकांच्या व्हॉट्सॲपवर पोचतो. भोवळ आलेल्याला आडवं करा, पाय उंच करा, शुद्धीवर आल्यावर पालकांना स्वतः फोन करा.