डेस्कटॉपसाठी फास्ट एक्स्टर्नल एसएसडी कुठली घ्यावी?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सगळं फूटेज जुन्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आहे, टाइमलाइन सरकवली की अडकतंच. १ टीबीची एसएसडी घ्यायचीय, सेकंदाला २००० एमबी वेगवाली घेऊ का? पीसी ५ वर्षं जुना आहे.

खटपट्या: थांबा, आधी पोर्ट बघा! २००० वाल्या एसएसडीला २० जीबीपीएसचा (गिगाबिट प्रति सेकंद) यूएसबी ३.२ जेन २ बाय २ पोर्ट लागतो, तो फार थोड्या मदरबोर्डांवर असतो, नसेल तर तीच ड्राइव्ह १० जीबीपीएसवर चालणार म्हणजे सेकंदाला हजार एमबीच्या आसपास, मग जास्तीचे पैसे कशाला घालवता. एडिटिंगला हजार भरपूर झाले हो.

रात्रपाळी: +१. आणि केबल बॉक्समधलीच वापरा. मी मोबाइल चार्जरची टाइप-सी लावली होती, ती निघाली यूएसबी २, जेमतेम ४० एमबी मिळत होते आणि मी दोन दिवस ड्राइव्हलाच दोष देत बसलो.

खटपट्या: एनव्हीएमई स्टिक (नुसती एसएसडीची पट्टी) आणि एन्क्लोजर (ती बसवायची यूएसबी डबी) वेगळं घेतलं तरी चालेल, उद्या स्टिक बदलता येते. फक्त क्यूएलसीवाली (स्वस्त प्रकारच्या मेमरीची) नको, मोठी कॉपी टाकली की कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरते आणि वेग धाडकन पडतो. एन्क्लोजर ॲल्युमिनियमचंच घ्या, तापतं खूप.

प्रश्नकर्ता: बघितलं, मागे लाल पोर्ट आहे, मॅन्युअलमध्ये १० जीबीपीएस लिहिलंय. मग हजार एमबीवालीच घेतो, आभार दोघांचे!

रात्रपाळी: जुनी हार्डडिस्क पुसू नका हं, बॅकअपला राहू द्या. लोकांच्या लग्नाचं फूटेज परत शूट होत नाही.