मदत हवी आहे: पेटलादच्या तंबाखूच्या जुन्या हिशेबांविषयी

सप्रेम नमस्कार. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची बरीच नोकरी पेटलादला, म्हणजे बडोदे संस्थानच्या चरोतरातील तंबाखूच्या मुलखात झाली. बडोद्याच्या दांडियाबाजारातील जुने घर रिकामे करताना त्यांची मोडीतील वही सापडली. पानांच्या घडीत तंबाखूचा चुरा अजून आहे, आणि तो झटकताना मला सपाटून शिंका आल्या.

वहीत आकडे पुष्कळ आहेत, पण ‘मण’ कोणता, हे मला ठरवता येत नाही. गुजरातच्या बाजारात मण आजही २० किलोचा धरतात, तर इंग्रजी अमलातील रेल्वेचा मण सुमारे ३७ किलोचा होता. म्हणजे एकाच नोंदीचा अर्थ जवळजवळ दुपटीने बदलतो. रकमांपुढेही कुठे बाबाशाही (बडोदे संस्थानचा रुपया), कुठे कलदार (इंग्रज सरकारचा रुपया) असे लिहिले आहे. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर आला, त्यापूर्वीची ही वही असल्याने त्या कराच्या काळातील सरकारी तक्ते उपयोगी पडत नाहीत.

संस्थानी महसुलाची मोडी दप्तरे वाचलेल्या कोणी दोन-चार पानांची छायाचित्रे पाहून मार्गदर्शन कराल का? पेटलाद, बोरसद भागातील खळीवर माल तोलताना कोणते माप वापरत, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असल्यास तेही अवश्य कळवावे.