ग्रामसभेत भोंग्याचा विषय भांडण न होता कसा मांडावा?

प्रश्न: गाव लातूरकडचं. सप्त्याचे आणि मशिदीचे भोंगे, दोन्हींवर ग्रामसभेत बोलायचंय. देवाधर्माचं नाव निघालं की आवाज चढतात. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: विषयपत्रिकेवर 'मशिदीचा भोंगा' किंवा 'सप्त्याचा गोंगाट' लिहू नका, 'गावातील ध्वनिक्षेपकांची वेळ व आवाज' लिहा. नाहीतर एक आळी आधीच आरोपी होऊन बसते. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाचून दाखवा: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पहाटेचा काकडा आणि फजरची अजान दोन्ही सहाच्या आत येतात, म्हणजे अडचण दोघांची सारखीच. हे स्वच्छ सांगा.

उत्तर २: सभेच्या आधी सप्ता कमिटी आणि मौलाना, दोघांना त्यांच्या जागी जाऊन भेटा. चारचौघांत पहिल्यांदा ऐकलं की माणूस मान राखायला अडून बसतो. "तुमच्या लोकांना आवरा" म्हणू नका. "दहावीच्या लेकरांचा अभ्यास होत नाही" म्हणा.

उत्तर ३: वर दोघांचं बरोबर. फक्त देव न मानणाऱ्यालाही बोलू द्या. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, ते त्यालाही लागू. आणि ठरलेल्या वेळा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.