दारू सोडवायला आम्ही घरच्यांनी काय काय केलं (अनुभव धागा)

दादाला जाऊन या दसऱ्याला सहा वर्षं होतील. तो दारूने गेला असं सगळे म्हणतात. खरं तर तो दारू बंद केल्यावर गेला, आणि ती बंद आम्हीच केली होती.

रोजच्या दोन क्वार्टर, अकरा-बारा वर्षं. शेवटी बाबांनी त्याला माळ्यावरच्या खोलीत कोंडलं. "चार दिवस तडफडेल, मग सुटेल." पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम फुटला. दुसऱ्या रात्री तो गादीवरच्या मुंग्या झटकत बसला. एकही मुंगी नव्हती. मग वारलेल्या आजोबांशी बोलायला लागला. काकूने अंगारा लावला. पहाटे फीट आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुसरी. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडायची नसते. मेंदूला तिची सवय झालेली असते, औषधांचा आधार देत ती उतरवावी लागते, बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं द्यावी लागतात. हे चार दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय केलंत, काय कामी आलं, काय अंगाशी आलं, ते लिहा. नाव-गाव नको.

निळीछत्री :
"न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर होती. पूड आणली, वरणात कालवून दिली. आठवड्याने भाच्याच्या हळदीत हे प्यायले. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या, मग बीपी एकदम खाली. डॉक्टरांना डायसल्फिरामचा संशय आला. ते औषध डॉक्टरही देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, कारण ते पोटात असताना प्यायलेली दारू जिवावर बेतू शकते. हे सावरल्यावर मी खरं सांगून टाकलं. त्यानंतर वर्षभर ते माझ्या हातचं जेवले नाहीत. ते वर्ष मला दारूपेक्षा जड गेलं.

आजचादिवस :
मी पिणारा. गटारीला लोळायचो आणि श्रावण मात्र कडक पाळायचो. त्या महिन्याच्या जोरावर बायकोला सुनवायचो, "बेवडा असतो तर राहिलो असतो का?" ती गप्प बसायची. पोळा किती दिवसांवर आलाय हे मी रोज मोजायचो, ते तिला कुठून कळणार!

पंढरीची माळही घातली. दोनदा खुंटीला टांगून प्यायलो. माळेला दोष देत नाही, माझ्या ओळखीतले काही जण तिच्यावरच तरले. मला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगने धरून ठेवलं. पहिल्याच दिवशी एक जण बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगत होता, आणि मला वाटलं, हा माझंच सांगतोय. सुरुवातीला एकदा घसरलो. तेव्हा बायकोने ऑफिसात "यांना ताप आहे" असा फोन केला नाही. पहिल्यांदाच. साहेबांना मला स्वतः सांगावं लागलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

सातवामजला :
दारूचा निदान वास येतो. एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, आम्हाला काहीच पत्ता लागला नाही. मुलगा दोन-दोन रात्री जागा, जेवण नाही, जबडा सारखा हलता, मग दिवसभर मेल्यासारखी झोप. आम्ही मोबाईलवर राग काढत राहिलो. कळल्यावरही दोन महिने घालवले, कारण पोलिसांची भीती. मग एका वकील मैत्रिणीने एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ दाखवलं: स्वतःपुरतं घेणारा व्यसनी आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. त्याच रात्री १४४४६ या सरकारी हेल्पलाईनवर फोन लावला. ते दोन महिने मला परत हवे आहेत.

कोराकागद :
माझ्याकडे उपाय नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबांच्या चपलांच्या आवाजावरून किती झालीय ते ओळखायचे आणि धाकट्याला घेऊन शेजारच्या काकूंकडे पळायचे. त्या काही न विचारता दूध द्यायच्या. आज चौतीस वर्षांची आहे. जिन्यात कुणाचं पाऊल फरफटलं की अजून पोटात गोळा येतो.

नवासदस्य :
इतके दिवस नुसता वाचत होतो. वडिलांनी परवा रात्रीपासून बंद केलीय, आम्ही खूश होतो. आता हात कापतायत, झोप नाही, दारात कुणीतरी उभं आहे म्हणतात. सकाळपर्यंत थांबू का?

धागाकर्ती :
थांबू नका. एकटं सोडू नका, खोलीला कडी लावू नका. १०८ ला आत्ता फोन करा. रोज किती प्यायचे आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही तेव्हा लाजून "कधीतरी घेतो" म्हणालो होतो. पोचलात की इथे कळवा, मी जागी आहे.

नवासदस्य :
ॲडमिट केलं. सलाईन लावलंय. आकडा आईनेच सांगितला. मलाही माहीत नव्हता.