टर्बो आहे का, ते आधी सांगा

रिमॅपला, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवायला, तीस हजार घालावेत का, असं विचारलंत, पण गाडी कोणती ते सांगितलंच नाहीत! सगळं तिथंच अडतं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. तो नसलेल्या पेट्रोल इंजिनात हवा जाते तेवढीच जाणार, त्यामुळे पैसे घालून हाती फारसं लागत नाही. टर्बो डिझेलमध्ये मात्र बूस्ट (त्या हवेचा दाब) आणि इंधन दोन्ही ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, मुठीत असतं.

माझी फियाट पुंटो, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली, १.३ लिटरचं मल्टिजेट टर्बो डिझेल. रिमॅपनंतर कात्रजचा जुना घाट तिसऱ्या गिअरवर हसतखेळत चढायची. आठ महिन्यांनी त्याच चढावर आरपीएमचा काटा पळाला, गाडी जागेवर, आणि केबिनमध्ये जळका वास. क्लच गेला. वाढलेला टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) सॉफ्टवेअर देतं, पण पेलायचा क्लचच्या जुन्याच प्लेटनं. फियाटनं याच १२४८ सीसीचं जास्त ताकदीचं, ९० बीएचपीवालं (हॉर्सपॉवरचं) इंजिन काढलं तेव्हा टर्बोसुद्धा बदलला होता, हे रिमॅप करणाऱ्या ट्यूनरनं मला सांगितलं नव्हतं. (मीही विचारलं नाही म्हणा.)

तेव्हा क्लचचा खर्च त्या तीस हजारांत धरूनच हिशेब करा. वॉरंटी शिल्लक असेल तर थांबा. आणि मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलची कॉपी हातात मिळाल्याशिवाय ईसीयूला हात लावू देऊ नका.