मुलाच्या कंपासपेटीत गांजा भरून ओढायचे गोगो पेपर सापडले. मेंदूवर कायमचा परिणाम होतो का?

कोथरूडची_आई
मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्स. रविवारी सॅक धुवायला काढली तर कंपासपेटीत गोगो पेपर आणि पुडीत हिरवट चुरा. विचारलं तर नाकारलं नाही. दहावीच्या सुट्टीत टेकडीवर मित्रांसोबत सुरू झालं, आता जवळजवळ रोज. वर मलाच समजावतो, "आई, झाडपाला आहे तो, दारूपेक्षा बरा." पण वाण्याकडून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक घेऊन येतो आणि दारात उभा राहून बाकीच्या आठवत बसतो. पूर्वी महिन्याच्या दुधाचा हिशेब तोंडपाठ असायचा त्याला. हे भरून येईल का? ह्यांना अजून सांगितलेलं नाही, हात उचलतील अशी भीती वाटते.

सदाशिव_६५
ताई, आमच्याकडे शिवरात्रीला भांग घरातच घोटायचे, कुणी वेडं झालं नाही. वयच असं असतं. फार मनाला लावून घेऊ नका.

लेथवाला_नाशिक
काका, माफ करा, पण वर्षातून एकदा घेतलेली भांग वेगळी आणि सतराव्या वर्षी रोजचा गांजा वेगळा. मी पंधराव्या वर्षी ओढायला लागलो, बाविसाव्या वर्षी सुटलो, म्हणून लिहितोय.

ताई, आपल्या मेंदूत गांजासारखं काम करणारं द्रव्य मुळातच असतं. १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा 'आनंद' या शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्याच वर्षांत बाहेरून रोज मारा झाला की ही घडण बिघडू शकते. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा ३८ व्या वर्षापर्यंत माग ठेवला. किशोरवयात सुरू करून ज्यांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही, त्यांचा बुद्ध्यांक सुमारे ८ गुणांनी घसरला होता. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासात मात्र ओढणारा आणि न ओढणारा यांत असा फरक दिसला नाही, त्यामुळे सगळा दोष गांजाचाच, असं मी म्हणणार नाही.

माझ्यापुरतं सांगतो. आयटीआयला होतो. मायक्रोमीटरवर रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायला मान वळवायची, तेवढ्यात आकडा गेलेला. पुन्हा मोजायचं. एकाच जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, चारदा. सरांना वाटायचं, पोरगा कामचुकार आहे. सोडल्यावर दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, आईच्या अंगावर खेकसायचो. महिन्याभराने आकडा वहीपर्यंत टिकायला लागला.

२०१८ मध्ये अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या गांजा ओढणाऱ्या मुलांना महिनाभर बंद ठेवायला सांगितलं, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली, तीही बहुतेक पहिल्याच आठवड्यात. म्हणून जन्मभराची शपथ घालू नका. एक महिना मागा.

आमच्यातल्या एकाचं मात्र वेगळं झालं. भिंतीपलीकडचे माझ्याबद्दलच बोलतात म्हणायला लागला, खिडकीच्या फटी वर्तमानपत्राने बुजवल्या. त्याच्या मामांना तसाच आजार होता. तुमच्या माहेरी-सासरी कुणाला असं काही असेल, किंवा मुलगा संशय घ्यायला लागला, तर महिनाबिहिना बघू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

वॉर्डातली_सिस्टर
आधी १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पोलिसांच्या धास्तीने बरेच पालक उपचार टाळतात, पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण दिलेलं आहे. मुलाच्या बाबांनाही सांगा, पण आधी एकट्यांना, मुलासमोर नको.

कोथरूडची_आई
काल पोळ्या लाटताना विचारलं, महिनाभर थांबशील? "दोन आठवडे," म्हणाला. मी हो म्हटलं. लेथवाले दादा, तुमचं मायक्रोमीटरचं त्याला वाचायला दिलं. फोन परत देताना त्याने विचारलं, "यांना आता आकडे लक्षात राहतात का?"

लेथवाला_नाशिक
राहतात म्हणून सांगा. अजूनही लगेच वहीत लिहितो, पण राहतात.