पर्ससीन, एलईडी, बुल ट्रॉलिंग: बोटींमागे समुद्रात धावायचं की धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभं राहायचं?

खाडीकाठ
जानेवारी २०२५पासून महाराष्ट्राच्या समुद्रात बेकायदा बोटींवर ड्रोनची नजर आहे. ठीक. पण नियम आपल्याकडे कमी होते कधी? सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. २०२१च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेले. पर्ससीनवर, म्हणजे थव्याला वेढा घालून खालून आवळायच्या जाळ्यावर, फेब्रुवारी २०१६पासून निर्बंध. एलईडी दिव्यांवर मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं, म्हणजे बुल ट्रॉलिंग, यांवर केंद्राची नोव्हेंबर २०१७पासून बंदी. २०२३मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींची किमान लांबीही ठरवली. पापलेट १३५ मिमीहून लहान असेल तर पकडायचं नाही.

आता पहाटे मुंबईच्या ससून डॉकला जाऊन बघा. तळहातावर मावणारी पापलेटं राजरोस विकली जातात.

रात्री समुद्रात बोट हुडकणं, पाठलाग, पुरावा हे सगळं खर्चिक. मासळी मात्र कुठे ना कुठे उतरवावीच लागते. मुंबईत मोठ्या बोटी उतरतात त्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. लिलावाआधी पट्टी लावा. विकताच येणार नसेल तर पकडेल कोण?

ट्रॉलरवाला
पकडेल कोण म्हणे! साहेब, ट्रॉलर तळाशी जाळं ओढत नेतो, एका ओढीला कोळंबी, मांदेली, ढोमा, माकूल, खेकडे सगळं एकत्र येतं. खोला, म्हणजे जाळ्याचं मासळी साठणारं शेपूट, वर घेईपर्यंत बारकं पापलेट मेलेलंच असतं. धक्क्यावर दंड लावलात तर ते आम्ही तिथेच दर्यात फेकून देऊ. मासा मेला तो मेलाच, फक्त तुम्हाला दिसणार नाही. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, बोट सुटायच्या आधीच खिसा रिकामा झालेला असतो. पट्टी घेऊन उभं राहणाऱ्याला याची कल्पना नसावी.

जाळ्याची आस
ट्रॉलरवाल्यांचं निम्मं पटतं. पट्टीने मेलेला मासा जिवंत होत नाही. म्हणून खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बघायची. नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्यासारखी असते, ओढीचा ताण आला की मिटते आणि अर्ध्या बोटाची पिल्लंही अडकतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, बारकी मासळी बरीचशी निसटते. बोट धक्क्याला लागलेली असताना हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. पण बारक्या मासळीला गिऱ्हाईक आहे. माणसाने नाही खाल्ली तर फिशमिल, म्हणजे मासळीची पूड करणारा कारखाना, घेतो, कोंबड्यांचं आणि कोळंबीचं खाद्य होतं. हे गिऱ्हाईक असेपर्यंत खोला कोण बदलेल?

बांगडा-तारली
सगळे ट्रॉलरवर घसरलेत, पण बळी नेहमी पर्ससीनचा. बांगडा, तारली थव्याने फिरतात. आज इथे, उद्या गोव्याला. आम्ही नाही धरली तर शेजारच्या राज्यातली बोट धरणार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीनला १२ सागरी मैलांपलीकडे मुभा दिली. महाराष्ट्राने काय पाप केलंय?

खाडीकाठ
तो आदेश पूर्ण सांगा की. अंतरिम आदेश होता. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार. सकाळी ८ ते संध्याकाळी ६. फक्त नोंदणीकृत बोटी, त्यांवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र. म्हणजे बोट ठरल्या वेळी सुटणार, ठरल्या वेळी परतणार. हे मुंबईत मान्य आहे का तुम्हाला? असेल तर आपलं भांडणच नाही.

बांगडा-तारली
दोन दिवसांत कर्जाचा हप्ता निघत नाही.

वेसावकरीण
माझ्या घरी डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, आहे, टोपली मी स्वतः बाजारात नेते, म्हणून बोलते. आमची डोल खुंटाला बांधलेली. उधाणाच्या पाण्याला येईल ते बोंबील, जवळा आमचं, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, जाळं उचललेलं. आम्ही माशाच्या मागे जात नाही. ट्रॉलर मात्र किनाऱ्याला लागून ओढतात आणि आमची जाळी फाडून नेतात. पट्टी लावा, पण सुरुवात मोठ्या बोटींपासून करा. नाहीतर पहिला दंड टोपलीवालीलाच होणार, कारण ती पळून जाऊ शकत नाही.

ट्रॉलरवाला
ताई, रागावू नका, पण डोलीच्या खोल्याची आस आमच्याहून बारीक असते. त्यात पिल्लं येत नाहीत का?

वेसावकरीण
येतात, दादा. जवळ्याला बारीक आस लागतेच. पण डोल एका जागी उभी, तुमची ओढ तळ खरवडत जाते.

भरावविरोधी
सगळा दोष मच्छीमारांच्याच माथी? खाड्यांत शहराचं सांडपाणी, कांदळवनं तोडून भराव, वरळीसमोर कोस्टल रोड. पिल्लं वाढायची जागाच राहिली नाही.

खाडीकाठ
मान्य. त्यासाठी वेगळा धागा काढा, येतो मी भांडायला. पण सांडपाणी वाहतं म्हणून एलईडी लावायला मोकळीक, हे मला समजत नाही.

वेसावकरीणताईंचा मुद्दा मात्र माझ्या पहिल्या मजकुरात यायला हवा होता. पट्टी टोपलीला लावायचीच नाही. ती लावायची घाऊक लिलावात, आणि दंड विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्याला. मोसमाआधी बोटमालकाला उचल देणारा दलाल, कंपनीचा एजंट, फिशमिलचा टेम्पो. कवळ्या मासळीवर पैसे लावणारे हे आहेत आणि ते किनाऱ्यावरच बसलेले असतात. चौकोनी आशीचा खोला नसेल तर डिझेलचा परतावाही थांबवा. ट्रॉलरवाले, पहिला खोला सरकारने फुकट दिला तर लावाल?

ट्रॉलरवाला
माझ्या एकट्याच्या बोटीला लावून काय होणार? बाजूच्या बोटीची टोपली भरलेली आणि माझी अर्धी, तर खलाशी पुढच्या फेरीला तिच्यावर जातील. मुंबईत उतरणाऱ्या सगळ्या बोटींना, गुजरातच्या धरून, एकाच दिवसापासून लावा. मग मी पहिला.

वेसावकरीण
नारळी पौर्णिमेच्या आधी लावा म्हणजे झालं. मोसम सुरू झाल्यावर कोण कुणाचं ऐकत नाय.